झुरळं मारणं आणि झुरळं घालवणं

सिंकखाली लाल हिटचा डबा, भिंतीच्या कडेने खडूने ओढलेली लक्ष्मणरेषा, मोरीच्या जाळीवर डांबरगोळ्या, फडताळात वर्तमानपत्राखाली भुरभुरलेली बोरिक पावडर आणि दिवाळीच्या तोंडावर एकदा येऊन जाणारा पेस्ट कंट्रोलवाला. एवढा बंदोबस्त करूनही रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की ओट्यावर पळापळ होते, अशी घरं मुंबई-ठाणे-पुण्यात शोधायला लांब जावं लागत नाही. मग खापर फुटतं ते घरातल्या बाईच्या डोक्यावर. ओटा नीट पुसत नसेल, खरकटं तसंच ठेवत असेल. हा आरोप अन्यायाचा तर आहेच, पण त्याने कामही होत नाही. झुरळांबद्दल गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे कळलं आहे त्याचा सारांश असा की दिसलेलं झुरळ मारणं हे एक काम आहे आणि घरातली झुरळं घालवणं हे दुसरं. आपण वापरतो त्यातले बहुतेक उपाय पहिल्या कामाचे आहेत. त्यामुळे कष्ट, पैसा आणि विष तिन्ही खर्ची पडतात आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

सुरुवात करायची ती कोणतं झुरळ आहे हे पाहण्यापासून. अकरावीच्या जीवशास्त्रात आपण शिकलो ते पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, तांबूस तपकिरी, डोक्यामागच्या ढालीला पिवळसर कडा. त्याचं खरं घर ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, गटारात, इमारतीच्या डक्टमध्ये असतं. पावसाळ्यात चेंबर तुंबली की ते पाइपातून वर येतं आणि न्हाणीघरात दिसतं. किळस सगळ्यात जास्त त्याचीच येते, पण घरात वस्ती करून माजणारं झुरळ बहुधा ते नसतं. स्वयंपाकघर ताब्यात घेतं ते लहान, फिक्या तपकिरी रंगाचं, जेमतेम दीड सेंटिमीटरचं आणि डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा असलेलं जर्मन झुरळ. पुष्कळ घरांत त्याला मोठ्या झुरळाचं पिल्लू समजतात. या एका गैरसमजापायी उपाय चुकतो, कारण मोठ्याची वाट अडवायची असते आणि लहानाची वस्ती मोडायची असते.

जर्मन हे नाव लिनियसने 1767 साली दिलं. जर्मनीशी त्याचा मूळचा संबंध काहीच नाही. 2024 साली सतरा देशांतल्या झुरळांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्याचं मूळ आपल्याच बाजूला सापडलं. भारत किंवा म्यानमारच्या परिसरात सुमारे 2,100 वर्षांपूर्वी ते आशियाई झुरळापासून वेगळं झालं. सुमारे 1,200 वर्षांपूर्वी ते व्यापार आणि फौजांबरोबर पश्चिम आशियात गेलं, पुढे युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून पूर्वेकडे, आणि युरोपात पोचायला त्याला अठरावं शतक उजाडलं. त्याचा भाऊबंद असलेलं आशियाई झुरळ आजही पालापाचोळ्यात राहतं आणि दिव्याकडे उडत येतं. जर्मन झुरळ मात्र उडण्याच्या भानगडीत पडत नाही आणि माणसाच्या वस्तीबाहेर त्याची रानटी वस्ती कुठे आढळलेली नाही. ते फक्त आपल्या इमारतींत राहतं. बाहेर जायला त्याला जागाच नाही, म्हणून हुसकावून लावलं तर ते फार तर शेजारच्या खोलीत जाईल.

त्याची वाढ समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडे धरून फिरते आणि पिल्लं बाहेर यायच्या दिवसाच्या जवळपास ती सोडते. एका पिशवीत तीस ते चाळीस अंडी असतात. आपल्याकडच्या उबेत ही पिल्लं दोनेक महिन्यांत वयात येतात आणि एक मादी आयुष्यात अशा अनेक पिशव्या देते. पिशवीचं कवच बहुतेक फवाऱ्यांना दाद देत नाही. आज घरातली सगळी वाढलेली झुरळं मेली तरी आतली अंडी शाबूत राहतात आणि दोन-तीन आठवड्यांनी पिल्लांची नवी फौज उभी राहते. पेस्ट कंट्रोल झाल्यावर पंधरवडा शांततेत जातो आणि पुन्हा बारीक-बारीक झुरळं दिसू लागतात, त्याचं कारण हेच. एकदाच औषध मारून मोकळं होणं या किड्याच्या बाबतीत शक्य नाही.

आणि ही झुरळं असतात कुठे? एकदा रात्री दिवे बंद करून तासाभराने टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात जावं. ओट्याखालच्या ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढाव्यात आणि चॅनेल जिथे लाकडाला स्क्रूने बसवलेलं असतं तिथे उजेड टाकावा. दाराच्या बिजागरीच्या खाचेत, प्लायवूड आणि भिंतीच्या मधल्या फटीत मिरपुडीसारखे काळे कण आणि तपकिरी डाग दिसले की ते ठाणं समजावं. हे कण म्हणजे त्यांची विष्ठा. तिच्या वासानेच बाकीची झुरळं तिथे गोळा होतात, त्यामुळे ही जागा एकदा रुळली की आपोआप रिकामी होत नाही. पूर्ण वाढलेल्या जर्मन झुरळाला पाच मिलिमीटरची फट पुरते, पिल्लाला दीड मिलिमीटरचीही. पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी टेकतील अशी जागा त्यांना आवडते. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ ऊबही असते आणि ट्रेमधलं पाणीही. वॉटर प्युरिफायरच्या झाकणात, मिक्सरच्या तळाशी, मायक्रोवेव्हच्या घड्याळामागे, शेगडीखाली आणि स्विचबोर्डच्या डब्यात ती हमखास सापडतात. दिवसाचा बहुतांश वेळ ती इथेच दडून असतात. ओट्यावर दिसतात ती थोडी, आणि भर दिवसा दिसू लागली तर आत गर्दी झाली आहे असं समजावं.

फवाऱ्याचा दोष इथेच उघडा पडतो. डब्यातलं औषध ओट्यावर पळणाऱ्या झुरळावर पडतं, ठाणं ट्रॉलीच्या मागे असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय घरगुती डब्यांत आणि खडूंत बहुतेक करून पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. जर्मन झुरळांच्या अनेक वस्त्यांनी ती पचवायची ताकद कमावली आहे. जी मरत नाहीत ती त्या वासाने बिथरून दुसऱ्या खोलीत, कपाटात, देव्हाऱ्यामागे पांगतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या घरांत खोलीभर औषधी धूर सोडणाऱ्या डब्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 साली आले. झुरळांची संख्या कमी झाली नाही, पण ओटा आणि फरशीवरचं विष मात्र वाढलं. त्याच चाचणीत ज्या घरांत जेल लावलं तिथे झुरळं लक्षणीय घटली. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या ओट्यावर आपण पोळ्या लाटतो आणि ज्या फरशीवर बाळ रांगतं, त्यावरच हे औषध बसत राहतं.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. खडूची रेघ ओलांडणारं एखादं झुरळ मरतं, वस्ती मरत नाही, आणि खडू दिसतो पाटीवरच्या खडूसारखाच, म्हणून लहान मुलांच्या घरात तो नसलेला बरा. डांबरगोळ्यांनी पाइपातलं झुरळ थांबत नाही. उलट नॅफ्थलीनच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या आसपास ठेवणं धोक्याचं आहे. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. भिंतीत खोचायच्या अल्ट्रासॉनिक यंत्रांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2001 सालीच साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना इशारा दिला होता की पुराव्याशिवाय असे दावे करू नका. आपल्याकडे ती अजून धडाक्याने विकली जातात. तमालपत्र, लवंगा, काकडीच्या साली यांनी वस्ती हलत नाही.

बोरिक पावडर वेगळी. हे जुनं औषध आहे आणि नीट वापरलं तर आजही चालतं. झुरळाच्या पायांना आणि मिशांना पूड लागते, ते स्वतःला चाटून साफ करतं आणि पूड पोटात जाते. परिणाम हळू होतो, पण कोरडी राहिली तर पूड महिनोन्‌महिने काम देते. गडबड होते ती ढीग घातल्याने. जाड थर दिसला की झुरळ त्याला वळसा घालून जातं. डोळ्याला जेमतेम दिसेल इतका पातळ थर हवा, आणि तो फ्रिजमागे, ट्रॉल्यांच्या मागच्या पोकळीत, जिथे मुलांचा हात आणि अन्न पोचणार नाही तिथेच. कणीक, साखर आणि बोरिकच्या गोळ्या करून कोपऱ्यात ठेवायची पद्धत घरोघर आहे. त्या गोळ्या खाऊसारख्या दिसतात आणि बोरिक पोटात गेलं तर लहान मुलाला घातक ठरतं, हे विसरून चालणार नाही. कॅरमची पावडरही पुष्कळदा बोरिकचीच असते. तिलाही तोच नियम.

आज सगळ्यात भरवशाचा उपाय आमिषाचा, म्हणजे जेलचा. आपल्याकडे मिळणाऱ्या जेलमध्ये फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड यांसारखं औषध खाण्यात मिसळलेलं असतं. त्याची गंमत अशी की झुरळ ते खाऊन लगेच मरत नाही, ठाण्यावर परत जातं. तिथे त्याची विष्ठा आणि मेल्यावर त्याचं शरीर पिल्लं खातात, कारण पिल्लं फार लांब जात नाहीत आणि जवळ मिळेल त्यावर जगतात. जेलपर्यंत कधीच न आलेली झुरळंही अशी मरतात. आपला हात पोचत नाही तिथे औषध झुरळच घेऊन जातं.

पण जेल लावायची रीत आहे, आणि बहुतेक घरांत काम बिघडतं ते इथे. एकाच जागी मोठा गोळा लावून उपयोग नाही. तीन-चार मिलिमीटरचे पुष्कळ ठिपके हवेत, आणि तेही काळे कण सापडले त्या फटींच्या अगदी तोंडाशी. प्रत्येक बिजागरीजवळ, चॅनेलच्या टोकाला, सिंकखालच्या पाइपाभोवती, फ्रिजच्या रबराखाली, शेगडीच्या ओट्याच्या कडेखाली. जेल लावलेल्या जागी फवारा मारायचा नाही, फिनेलने पुसायचं नाही. औषधाचा वास लागलेलं जेल झुरळ तोंडात घेत नाही. पुष्कळदा पेस्ट कंट्रोलवाला एकाच दिवशी आधी जेल लावतो आणि मग वरून पंपाने फवारून जातो, किंवा जेल लावल्यावर दोन दिवसांनी एखादं झुरळ दिसलं म्हणून घरातलंच कुणी हिट मारतं. दोन्हींनी जेल वाया जातं. पहिल्या आठवड्यात झुरळं उघड्यावर, दिवसाढवळ्या, अडखळत चालताना दिसतात. औषध लागू पडत असल्याचं ते लक्षण आहे, घाबरून जायचं कारण नाही. दोन-तीन आठवड्यांनी पाहावं, जिथले ठिपके खाल्ले गेले तिथे पुन्हा लावावं, आणि तिसरी फेरी महिन्याभराने. अंड्यांतून निघणारी पिल्लं तेव्हा हाती लागतात.

जेलवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत 1980 च्या दशकात फ्लॉरिडात ज्युल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाला दिसलं की जे आमिष आधी उत्तम चालत होतं ते काही झुरळं तोंडातही घेईनात. औषध तेच होतं. झुरळांना नकोशी झाली होती ती आमिषातली ग्लुकोज साखर. 2013 साली त्याचं कारणही सापडलं. या झुरळांच्या चवीच्या पेशी ग्लुकोजला कडू म्हणून ओळखतात. गोड खाणारी मेली आणि गोडाचा तिटकारा असलेली उरली, वाढली. 2019 साली पर्ड्यू विद्यापीठातल्या मायकेल शार्फ यांच्या गटाने आणखी काळजीचं दाखवलं. काही वस्त्यांत एका औषधाच्या माऱ्यातून वाचलेल्या झुरळांच्या पुढच्या पिढीत त्या औषधाविरुद्धची ताकद तर वाढलीच, पण ज्या औषधांशी त्यांची गाठच पडली नव्हती त्यांच्याविरुद्धही चार ते सहा पट वाढली. म्हणून एकच जेल वर्षानुवर्षं वापरू नये. तीन-चार महिन्यांनी वेगळ्या औषधाचं घ्यावं. पाकिटावर औषधाचं नाव बारीक अक्षरात असतं, कंपनीच्या नावापेक्षा ते वाचणं महत्त्वाचं.

मग स्वच्छतेचं काय? तिचं काम आहे, पण आपण समजतो ते नाही. चकाचक घरातही जर्मन झुरळ जगतं. शेगडीखालचा तेलाचा थेंब, डब्याच्या झाकणावरचं पीठ, पुठ्ठ्याच्या खोक्याचा डिंक एवढ्यावर त्याचं भागतं. अन्न मिळालं नाही तरी पाणी असेल तर ते महिनाभर तग धरतं, पाण्याशिवाय मात्र दोनेक आठवडेच. म्हणून झाडू-फडक्याइतकंच लक्ष पाण्याकडे द्यावं. रात्री झोपताना सिंक आणि ओटा कोरडा, ओलं फडकं बाहेर दांडीवर, गळणारा नळ दुरुस्त, फ्रिजखालचा ट्रे रिकामा, ओला कचरा झाकणाच्या डब्यात. याने झुरळं मरत नाहीत, पण दुसरं काही खायला नसलं की ती जेलकडे वळतात. फटी बुजवणं हे याहून महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम. सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक पांढऱ्या सिमेंटने, ट्रॉलीच्या चौकटीची फट सिलिकॉनने. सुतार आणि प्लंबर ही भोकं तशीच सोडून जातात, कारण ती दिसत नाहीत.

झुरळाला किळसवाणा पण निरुपद्रवी किडा समजणं ही मोठी चूक आहे. गटारातून ओट्यावर येताना ते पायांवर जंतू आणतंच. त्याहून गंभीर आहे त्याच्या विष्ठेची, लाळेची आणि कातीची धूळ. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या दमेकरी मुलांचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत ही धूळ जास्त होती, त्या मुलांना रुग्णालयात भरती करायची वेळ बाकीच्या मुलांच्या तुलनेत 3.4 पट आली. वीस वर्षांनी, 2017 साली, न्यू ऑर्लिन्समध्ये फक्त योग्य जागी जेल लावून झुरळं घालवली, तर मुलांचा दम्याचा त्रास कमी झाला. घरात दम्याचं मूल असेल तर बालरोगतज्ज्ञाने झुरळांबद्दल विचारायला हवं आणि आईबापांनी न लाजता सांगायला हवं. अशा घरात फवाऱ्याचा वास मुलाचा त्रास उलट वाढवू शकतो.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याआधी त्याच्याकडे परवाना आहे का आणि तो कोणतं औषध वापरणार, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली या धंद्याला परवाना लागतो. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हर्बल म्हटलं म्हणून औषधाचं नाव विचारणं सोडू नये. पुष्कळांना उग्र वास आला नाही तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. त्या उग्र वासाच्या औषधांपैकी डायक्लोरव्हॉस, बाजारात नुवान नावाने ओळखलं जाणारं, सरकारने 31 डिसेंबर 2020 पासून बंद केलं आहे. कुणी अजूनही तेच आणलं तर दारातूनच परत पाठवावं. आणि धान्याच्या गोदामासाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही, कुठल्याही किड्यासाठी ठेवू द्यायच्या नाहीत. त्यांच्या वायूने बंद घरात, आणि शेजारच्या घरातही, झोपेत माणसं दगावली आहेत.

मोठ्या झुरळाचं काम वेगळं आणि पुष्कळसं प्लंबिंगचं. न्हाणी ट्रॅपमध्ये पाणी साचून राहिलं तर झुरळाला खालून वर येणं अवघड जातं. महिनाभर बंद ठेवलेल्या घरात हा ट्रॅप सुकतो, म्हणून गावाहून परतल्यावर न्हाणीघरात झुरळं दिसतात. निघण्यापूर्वी जाळीवर ताट पालथं घालून जावं. वॉशिंग मशीनचा पाइप मोरीच्या भोकात नुसता खुपसलेला असतो, त्याच्याभोवती झाकण हवं. याच मोठ्या झुरळाच्या अंड्यांवर एक काळी, किरकोळ माशी वाढते. मुंबईत ती खिडकीच्या काचेवर पोट वरखाली हलवत बसलेली दिसते. इव्हानिया तिचं नाव. ती चावत नाही. तिला मारू नये, ती आपलंच काम करते आहे.

शेवटी प्रश्न एका घराचा राहत नाही. सलग पाइप, सामाईक डक्ट आणि विजेच्या नळ्यांतून झुरळं या घरातून त्या घरात जातात. तिसऱ्या मजल्यावर फवारा मारला की चौथ्यावर झुरळं वाढतात, आणि वर्षभरात दोघंही एकमेकांना न सांगता तोच खेळ करत राहतात. लाजेमुळे. आपल्या घरात झुरळं आहेत हे शेजाऱ्याला सांगणं म्हणजे आपलं घर घाण आहे अशी कबुली देणं, असं वाटतं. ही लाज मोडायला हवी, आणि ती मोडायची जागा सोसायटीची सभा आहे. टाकीच्या सफाईचा विषय जसा अजेंड्यावर येतो तसा हाही यावा. एका डक्टला लागून असलेल्या सगळ्या स्वयंपाकघरांत एकाच आठवड्यात जेल, चेंबरची झाकणं घट्ट, पावसाळ्याआधी चेंबरची सफाई. भाडेकरूंची घरंही यात धरावीत. मालक फ्लॅटमध्ये राहत नाही आणि भाडेकरूला अकरा महिन्यांनी जायचं असतं, म्हणून ते स्वयंपाकघर नेहमी सुटतं आणि तिथूनच पुन्हा सगळीकडे होतं.

काम झाल्यावर दर महिन्याला चिकट सापळे ठेवून पाहावं. एक फ्रिजमागे, एक सिंकखाली, एक शेजारच्या भिंतीला लागून. एक रात्र ठेवून सकाळी मोजायचं. सिंकखालच्या सापळ्यात बारीक पिल्लं सापडली तर तेवढ्याच जागी पुन्हा जेल. फक्त भिंतीकडचाच सापळा भरत असेल तर आपल्या घरात औषध वाढवण्यापेक्षा शेजारच्या काकूंची बेल वाजवावी.